चौथं नाव

मैदानाला चुना मी टाकतो.
बारा बाय आठ, पोरींचं मैदान.
दोरी ताणायची, वाकून मागं मागं जायचं.
बोटं भाजतात.
रात्री भाकर डाव्या हातानं मोडावी लागते.

आठ कॉलेजं आली होती दारव्ह्याला.
सहा दिवस मी रेषेला लागून बसलो
आणि मानोऱ्याकडच्या पोरींना पाहिलं.
सातही सामने त्या जिंकल्या.
जिंकल्या म्हणजे कशा,
आम्रपाली भगत चढाईला जायची
जसं कोणी रेशन आणायला जातं:
उभी राहील, थांबेल,
बोनसच्या रेषेपलीकडं पाय टेकवेल, परत येईल.
कोपऱ्यात मोनाली राठोड आणि तिची चुलत बहीण.
हात धरला की धरला.
आरडाओरडा नाही, मांडीवर थाप नाही.
गुणतक्त्यावर आकडा तेवढा वाढत जायचा
विहिरीत पाणी चढावं तसा, कोणी न पाहता.

समिती बसली शाळेच्या प्रयोगशाळेत.
तीन नावं चहा यायच्या आत झाली.
चौथ्याला दोन तास.
मी दाराशी, मांडीवर ब्रश,
फळ्यावर नाव मलाच रंगवायचं होतं.

चॅनलवाला पोरगा सज्जन होता.
त्यानं बूट बाहेर काढले, सगळ्यांना नमस्कार केला,
टॅबवर दोन रेषा दाखवल्या.
एक वर जाणारी, एक खाली येणारी.
मीही रेषेचाच माणूस,
पण त्याच्या रेषेवर पाय पडला
तर कोण बाद होतं, ते मला दिसत होतं.

"ह्या ताई जिंकतात सर, प्रश्नच नाही.
पण ह्या आल्या की लोकं चॅनल बदलतात."
देशकरी सर म्हणाले, "गुणतक्ता काय सांगते?"
तो हसला नाही.
"गुणतक्ता घरी बसून कोन पायते, सर?"

मग कोणी काही बोललं नाही.
मॅट त्यांची येणार होती,
दिवे त्यांचे, जनरेटरचं डिझेल त्यांचं,
ढालींवर नावही त्यांचंच.
प्राचार्य ठोकळांनी चष्मा पुसला,
पुन्हा पुसला.
मी फळ्यावर यवतमाळचं नाव लिहिलं.
तीन सामने हारलेलं.
पण त्यांच्यात केतकी होती, उडी मारणारी.

पोरी हापशीवर गुडघे धूत होत्या.
त्यांना सांगायला समितीतलं कोणी गेलं नाही.
माझ्या हाताचा रंग पाहूनच त्यांना कळलं.
आम्रपालीनं विचारलं,
"काका, आमी कोनाशी हारलो?"
मी म्हणालो, "कोनाशीच नाई."
"मंग?"

टेम्पो आला. ढेपेच्या पोत्यांवर त्या बसल्या.
मोनालीनं बहिणीचा हात धरला होता,
सामन्यात धरते तसाच.

मॅटवर चुन्याचं काम नसतं, टेप लागते.
म्हणून अंतिम सामन्याला मला कोणी बोलावलं नाही.
मी धनराजच्या सलूनात गेलो.
सगळा बाक भरलेला,
आरशात उलटा टीव्ही, उलटे आकडे.
केतकी मध्यरेषेवर थांबली,
मांडीवर थाप मारली,
आणि तीन पोरींच्या हातांवरून अशी गेली
की बाकावरचा म्हातारा "अरे बाप" म्हणाला,
आणि मी त्याचा खांदा धरला.

जाहिरात लागली. सिमेंटची.
तेव्हा कळलं, तासभर झाला,
मी उठलोच नव्हतो.
धनराजनं फडकं झटकलं,
"काका, दाढी कराची होती ना तुमाले?"